अखंड रेघ

"चपला तिथंच काढ, आणि ती फीत माझ्या चुलीवरून नेऊ नकोस," जैतूनबी म्हणाली. "दूध ठेवलंय."

मी उंबऱ्यात उभी होते. फितीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं लिंबाजीच्या, आणि लिंबाजी आत मागच्या भिंतीला पाठ लावून अंग चोरून उभा. आम्हा दोघांच्या बरोबर मधे ती चूल. माप घ्यायचं तर सरळ रेषेत घ्यायला हवं, आणि सरळ रेषेत दूध होतं.

"आजी, एकच मिनिट लागेल."

"मिनिटातच तर उतू जातं. लग्न नाही का झालं तुझं?"

लिंबाजी फिसकन हसला. तो आमच्या कामावरचा पहारेकरी, पन्नाशी उलटलेला, वर खाकी शर्ट आणि खाली धोतर अशा अवतारात फिरणारा. मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि मुकाट्यानं चपला काढून दूध तापायची वाट बघत बसले. चोविसाव्या वर्षी मला सगळ्याच गोष्टींची घाई असायची, आणि त्या बाईला कशाचीच नव्हती.

दूध तापलं. तिनं त्याचा चहा केला, आम्हा दोघांच्या हातात कपबशा दिल्या, आणि मगच म्हणाली, "हं. आता मोज."

ही १९८३ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. दौलताबादला तुम्ही सहलीला गेला असाल. चांदमिनार बघितला असेल, किल्ल्यातली अंधारी वाट भिंत चाचपत चढला असाल, खाली येऊन सीताफळं घेतली असतील. पण बाहेरच्या कोटाच्या आत, रस्त्यापासून आडबाजूला, तेव्हा तेरा घरांची एक वस्ती होती. दिल्लीवाडी. आता शोधायला जाऊ नका, नाही सापडायची.

तुघलकानं दिल्ली उठवून राजधानी इथे आणली हे आपण शाळेत हसत हसत शिकतो. पुढे कुणा साहेबानं काही विचित्र फर्मान काढलं की त्याला नाव द्यायला आपल्याला तोच आठवतो. पण त्याच्यामागून जे चालत आले ते काही हसत आले नसणार. मौलवी आले, तुर्क सरदार आले, अफगाण शिलेदार, व्यापारी, हिंदू कारकून, आचारी, न्हावी, पाणके, सगळे आले. इथे मराठी, कानडी, तेलुगू बोलणारे आधीपासून होतेच. सात-आठ वर्षं एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार इथून चालला. मग हुकूम फिरला, चला परत दिल्लीला. राजधानी ओस पडली.

"आमची जी पहिली बाई होती ना," जैतूनबीनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ती नेमकी त्या दिवशी बाळंत झाली. शिपाई दारात आला, म्हणाला, निघा, बादशहाचा हुकूम हाये. नवरा म्हणाला, अहो, बाई बाळंतीण, चाळीस दिवस तरी होऊ द्या. शिपाई म्हणाला, बरं, चाळीस दिवसांनी येतो." ती तोंडाला पदर लावून हसली. "तो अजून यायचाय."

"खरंच असं झालं?"

"मला काय विचारतीस? मी काय तिथं सुईण होते?"

वस्तीतली बरीच घरं मुसलमानांची, दोनचार इतरांची. पण सगळे स्वतःला दिल्लीवालेच म्हणवत. चंद्रभान गुरव नावाचा एक गृहस्थ तिथे राही. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या महादेवाची पूजा करणारं. मी त्याला म्हटलं, तुमचा दिल्लीशी काय संबंध? तर म्हणाला, "ह्यांच्या शेजारी राह्यलो ना बाई, सहाशे वर्षं." त्याच्या दृष्टीनं विषय तिथं संपला.

तर आम्ही तिथे गेलो होतो ते बाहेरच्या कोटाचा नकाशा करायला. ऑफिसचं नाव मी घेत नाही, आता तिथे माझ्या ओळखीचं कुणी राहिलेलं नाही. नकाशा झाला की कोट मोकळा करायचा होता. 'मोकळा' हा शब्द कागदावर वाचायला फार बरा वाटतो. राजधानीच्या काळाचं जे मूळ बांधकाम असेल ते राहणार, आणि नंतर कुणी जी भर घातली असेल ती निघणार. आमच्या कामातली रीत सोपी होती. मूळ बांधकाम अखंड रेघेनं काढायचं, नंतरची भर तुटक रेघेनं. तेरा घरांत मिळून साठसत्तर माणसं राहत होती, आणि त्यांचं काय होणार ते माझं पेन कागदावर सलग चालतं की थांबत थांबत, ह्यावर ठरणार होतं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लिंबाजीनं सांगितलं.

"ह्यो म्हणतो, तू तुटक तुटक काढलंस की आमचं घर जाणार," फीत गुंडाळून झाल्यावर जैतूनबी म्हणाली. "आणि सलग काढलंस की राहणार. खरंय का?"

मी लिंबाजीकडे पाहिलं. तो छपराची कौलं मोजू लागला.

"खरंय, आजी."

"मग सलग काढ की. शाई काय जास्त लागती?"

मला हसू आलं आणि लगेच विरलं. ही बाई माझी थट्टा करत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की एवढंच तर काम आहे. आणि खरं सांगायचं तर काम एवढंच होतं.

आमचे मोकाशी साहेब तंबूत बसून आधीच्या नकाशांशी आमची मापं पडताळत. सडसडीत, चष्मेवाले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्या पडक्या शहरावर त्यांचा जीव होता. कुठला रस्ता कुठल्या दरवाज्याला जात होता, पाणी कुठून खेळवलं होतं, कुठल्या पेठेत कोण राहत असेल, हे ते असं सांगत की ऐकताना बाजाराचा गलका ऐकू यावा. दुपारी मी त्यांच्यासमोर कच्चा कागद ठेवला.

"सर, दिल्लीवाडीतल्या घरांचं काय करायचं?"

"काय म्हणजे? तुटक."

"सगळी?"

"सबनीस, माती आणि गोटे आहेत ते. शंभर वर्षांपलीकडे एकही भिंत जाणार नाही."

"पण सर, माणसं सहाशे वर्षांपासून आहेत."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "असतीलही. मी नाही म्हणत नाही. पण नकाशाच्या खुणांच्या सूचीत बघ. दगडाची भिंत आहे, विटांची आहे, चुन्याचा गिलावा आहे, विहीर आहे. माणसांसाठी काही खूण दिलीय का?"

"नाही."

"मग मी कुठून आणू?"

ते चिडून बोलले नाहीत, म्हणूनच मला जास्त राग आला. मी ठरवलं, जैतूनबीच्या घरात मूळचं काहीतरी शोधून काढायचंच. तिचंच घर का? चहा तिनं दिला होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, "आजी, मागची भिंत जाड आहे. बाकीच्या तीन भिंती दीड हात आणि ही तीन हात. हिच्यावरची मांडणी काढता येईल का?"

"का गं?"

"मागे जुनं काही असेल तर घर वाचेल."

ती एवढी झटकन उठली की मीच दचकले. परातींपासून पेल्यांपर्यंत एकेक भांडं तिनं खाली उतरवलं. मला हात लावू दिला नाही. लिंबाजीनं मांडणीचे खिळे उपटले. मग जैतूनबीनं चुलीजवळचं उलथनं घेतलं आणि भिंत खरवडायला सुरुवात केली. दर ईदेला एक हात चुना, असे कितीएक थर. पापुद्रे पडत होते आणि ती केसांपासून पायापर्यंत पांढरीफटक झाली होती.

"जपून, आजी, हळू."

"माझी भिंत हाये. मला नको शिकवू."

तासाभरानं दगड लागला. नुसता दगड नाही, घडीव, एकाला एक असा बसवलेला की मधे नख जाऊ नये. मग कमानीचं टोक दिसलं. मग पूर्ण कोनाडा, आणि त्याच्या कडेनं जुन्या गिलाव्यात कोरलेली वेलबुट्टी. अर्धी झडलेली, पण उरलेली इतकी नाजूक की मी श्वास रोखून बघत राहिले.

"आयला!" लिंबाजी म्हणाला.

जैतूनबीनं पदरानं कमान पुसली. "लग्न होऊन आले तेव्हापासून ह्याला हंडे टेकवते मी," ती म्हणाली. "सासूनं पण सांगितलं नाही. तिला तरी कुठं माहीत असणार." मग माझ्याकडे वळली. "सलग झालं?"

"झालं, आजी."

मी धावत जाऊन मोकाशी साहेबांना घेऊन आले. ते वाकून आत शिरले, भिंतीसमोर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी त्या वेलबुट्टीवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते, मी पाहिलं. जैतूनबी चहाची कपबशी घेऊन त्यांच्यामागे उभी राहिली, पण त्यांचं लक्षच नव्हतं.

"राजधानीच्या काळातलीच आहे," ते हळूच म्हणाले. "हमाम असेल, नाहीतर कुणा अमिराची कोठी. अशी दुसरी ह्या कोटात राहिलेली नाही."

बाहेर आल्यावर मात्र म्हणाले, "एक भिंत अखंड, सबनीस. उरलेल्या तीन तुटक."

"सर, एक भिंत ठेवून तीन पाडल्या तर घर कुठे राहिलं?"

"ते आपल्याला विचारलेलं नाही."

बातमी वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी चंद्रभान तंबूपाशी आला, टोपी हातात घेऊन. "बाई, आमच्याकडं पण बघा की. एखादी भिंत निघंल." मी गेले. त्याच्या बायकोनं देवघर सोडून सगळं घर रिकामं करून ठेवलं होतं. चारी भिंती ठोकून बघितल्या. माती, गोटे, पुन्हा माती. मग आणखी पाच घरांतून बोलावणं आलं. सगळीकडे तेच. प्रत्येक घरात मी काही सापडत नाही असं सांगायची आणि लोक मलाच पाणी द्यायचे, दमला असाल म्हणून.

जाताना चंद्रभान दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, पलीकडं घडीव दगड लई पडलेत. चारसहा आणून लावू का भिंतीला?"

"नको हो, चंद्रभान. कळतं ते."

"हां, कळत असंल," तो म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

पक्का नकाशा मी पुढच्या आठवड्यात केला. ट्रेसिंग कागदावर एकदा शाई पडली की ती रबरानं जात नाही. दाढीचं अर्धं ब्लेड घेऊन अगदी हलक्या हातानं खरवडावी लागते, जरा जोर पडला की कागद फाटतो. मी आधी साहेबांनी सांगितलं तसंच काढलं, एक भिंत अखंड, तीन तुटक. दोन दिवस तो कागद तसाच समोर होता. तिसऱ्या दिवशी साहेब जेवायला गेले असताना मी ब्लेड काढलं, त्या तीन भिंतींचे तुकडे खरवडले आणि चारी बाजूंनी एकच अखंड रेघ ओढली. इतकी स्वच्छ रेघ माझ्या हातून पुन्हा कधी उमटली असेल असं वाटत नाही.

साहेबांना ते कळलंच. खरवडलेला कागद उजेडापुढे धरला की तिथे पांढुरकं दिसतं. त्यांनी कागद तंबूच्या दाराशी नेऊन बराच वेळ बघितला.

"हे तू विचार करून केलंस?"

"हो, सर. काय शिक्षा करायची ती करा. पण घर वाचेल ना?"

"घर वाचेल," ते म्हणाले. कागद टेबलावर ठेवला. पेन उघडलं, बंद केलं. "घर नक्की वाचेल." पुन्हा पेन उघडलं आणि सही केली.

मला वाटलं, आयुष्यभर सचोटीनं वागलेला माणूस खोट्या नकाशावर सही करताना घुटमळतोय. मला त्यांच्याबद्दल केवढी कृतज्ञता वाटली म्हणून सांगू!

मी तशीच दिल्लीवाडीत पळत गेले. जैतूनबीनं माझ्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. तिचा मुलगा हसन कधी माझ्याशी बोलत नसे, त्यानं टोपलीभर सीताफळं लिंबाजीच्या डोक्यावर दिली. दारात चंद्रभान उभा होता. त्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली.

"असू द्या," तो म्हणाला. "ह्यांचं तरी राह्यलं."

डिसेंबरात तळ उठला आणि मी औरंगाबादला ऑफिसात दुसऱ्या नकाशाला बसले. एप्रिलात एक दिवस टपाल बघताना दौलताबादच्या हुकुमाची प्रत माझ्या हाती आली. दोन याद्या होत्या. पहिलीत बारा घरं, 'नंतरची भर, काढून टाकणे'. दुसरीत एकच ओळ. 'वास्तू क्रमांक सात, मूळ बांधकाम, संरक्षित. आतील वस्ती हलवून कुलूपबंद करणे.'

मी ती ओळ तीनदा वाचली. मग कागद घेऊन मोकाशी साहेबांच्या खोलीत गेले. दारही वाजवलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "बस, सबनीस."

"नाही बसायचं मला. तुम्हाला माहीत होतं की नाही?"

"माहीत होतं. मूळ वास्तूत कुणाला राहता येत नाही. हा नियम तुलाही माहीत होता. परीक्षेला असतो."

असतो. मीही लिहिलं होतं त्याचं उत्तर, आणि बऱ्यापैकी गुण मिळवले होते. पण त्या तंबूत बसून ब्लेड चालवताना मला तो आठवला नाही. मला फक्त घर दिसत होतं.

"मग मला थांबवलं का नाहीत?"

"थांबवून काय झालं असतं? तीन भिंती तुटक राहिल्या असत्या तरी ती बाई बाहेरच होती. अखंड झाल्या तरी बाहेरच. दोन्हीकडून तेच." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला वाटलं, निदान भिंत तरी राहील. छप्पर गेलं असतं तर पहिल्या पावसात ती नक्षी वाहून गेली असती. मी भिंतीसाठी सही केली, सबनीस. तुला वाटलं तुझ्यासाठी केली."

"आता काय करता येईल?"

"काही नाही."

"अर्ज? वरच्या साहेबांना भेटू?"

"भेट. काय सांगशील? तीन भिंती मी खोट्या काढल्या, असं? मग तेही घर पहिल्या यादीत जाईल."

मी तिथेच उभी राहिले. आयुष्यात पुष्कळ ठिकाणी हात टेकलेत मी, पण असं चारी बाजूंनी कोंडल्यासारखं कधी झालं नाही. जी रेघ मी अभिमानानं ओढली होती तिच्या आतही त्या बाईला जागा नव्हती आणि बाहेरही नव्हती.

मेच्या दुसऱ्या रविवारी मी एस.टी.नं दौलताबादला गेले. खरं ते सांगून टाकायचं, पाय धरायचे, शिव्या देईल त्या खायच्या, असं ठरवून गेले. ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कोटातून आत वळले आणि दिल्लीवाडी दिसायची तिथे सपाट जमीन दिसली. बारा घरांची माती नीट पसरून ठेवलेली. चंद्रभानचं घर नेमकं कुठे होतं, हे मी मापं घेतली होती तरी मला सांगता येईना.

जैतूनबीचं घर उभं होतं. भोवती तारेचं कुंपण, दाराला भलंमोठं कुलूप, बाहेर निळी पाटी. आणि कुंपणाबाहेर, बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत, ती स्वतः बसलेली.

मला बघितल्याबरोबर उठली. गुडघ्यावर हात ठेवत उठली, पण हसत.

"आली का गं, माझी नकाशेवाली! बघ, उभं हाये की नाही?" तिनं मला जवळ ओढलं. "सगळ्यांची पडली. रडारड झाली नुसती. चंद्रभानची बायको तर मातीत लोळली. आमच्या घराला बोट नाही लावलं कुणी."

"आजी, तुम्ही राहता कुठे?"

"तिकडं माळावर दिलेत पत्रे. दोन कोस हाये. सकाळी चालत येते, सांजच्याला हसन नेतो." हे तिनं असं सांगितलं की जणू लेकीकडे चार दिवस राहायला गेली आहे. "लई नीट बोलले गं साहेबलोक. म्हणाले, आजी, सामान तेवढं काढा, घराला धक्का लागणार नाही. शब्दाला जागले. मी पण सगळं झाडून, सारवून बाहेर पडले. आपण परत यायचं तर घर घाण कशाला ठेवायचं?"

मी कपाळावरचा घाम पुसला.

"आजी, मला तुमच्याशी बोलायचंय," मी म्हटलं.

"बोल की. आधी ती पाटी वाच. हसनला धड वाचता येत नाही, तो म्हणतो माझं नाव नाही तिच्यावर. आहे का बघ."

मी पाटीजवळ गेले. 'संरक्षित वास्तू क्रमांक सात. चौदावे शतक. आत प्रवेश करण्यास व वस्ती करण्यास सक्त मनाई.' अक्षरं सुबक होती, आमच्याच ऑफिसातल्या माणसानं रंगवलेली.

"काय लिहिलंय?"

"घर फार जुनं आहे, असं लिहिलंय. सहाशे वर्षांचं."

"ते तर मी पण सांगत होते," ती खूश होऊन म्हणाली. "आणि?"

"आणि... कुणी हात लावायचा नाही, असं."

"बरोबर हाये. लावूच नये." ती तारेला धरून घराकडे बघत राहिली. मग माझा हात हातात घेतला आणि अगदी सहज, भाजीला काय घेऊ विचारावं तशी, म्हणाली, "मग आता आत कधी जायचं?"

मी ठरवून गेले होते, सगळी वाक्यं जुळवून. एकही आठवेना. तिचा तळवा खरखरीत आणि गरम होता, आणि ती उत्तराची वाट बघत होती.

"दुरुस्ती झाली की," मी म्हटलं.

"कसली दुरुस्ती?"

"भिंतीची. ती नक्षी पक्की करायचीय. जुनी आहे ना. झाली की."

"हां," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला. "तरीच. मी म्हणत होते, कुलूप कशाला लावलं असंल. दुरुस्ती चालू करायचीय, होय."

मी पुढची गाडी पकडून परत आले. रस्ताभर स्वतःला बजावत होते, पुढच्या रविवारी जाऊन खरं सांगेन. पुढच्या रविवारी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग माझं लग्न ठरलं, मी नोकरी सोडली, नाशिकला गेले. लोक ह्याला भित्रेपणा म्हणतील. म्हणू देत, होताच तो.

चार वर्षांनी औरंगाबादच्या स्टँडवर लिंबाजी भेटला. पेन्शनीत निघाला होता, पाठीत वाकला होता. माझ्या मुलीच्या गालाला हात लावला, नाशिकची चौकशी केली. मीच विचारलं, विचारल्याशिवाय राहवेना.

"जैतूनबी?"

"गेली की, बाई. औंदाच्या थंडीत. तिथंच माळावर पुरली."

गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. लिंबाजीनं तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही, तशीच तळहातावर धरून बसला.

"दर सोमवारी यायची चौकीवर," तो म्हणाला. "दोन कोस चालत. दुरुस्ती झाली का, म्हणून विचारायची. नवीन पोरं आली ड्यूटीला, ती हाकलायची तिला. तर म्हणायची, मला सबनीस बाईंनी सांगितलंय, दुरुस्ती झाली की आत जायचं. तिनं माझं घर वाचवलंय, ती खोटं नाही बोलायची."

मी मुलीला मांडीवर ओढून घेतलं.

"ती पोरं मला विचारायची, काका, ह्या सबनीस बाई कोण? मी सांगायचो, लई मोठ्या साहेब हायेत. त्या म्हणल्यात म्हंजी होणारच." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. "काय करू, बाई? तिच्या तोंडाकडं बघून दुसरं काही सांगताच आलं नाही."

मी त्याला काय म्हणणार होते? मला तरी कुठे आलं होतं.